गटारसफाईच्या नावाखाली आमच्या गल्लीला घातलेला गंडा

नवी मुंबईत कोपरखैरणे, वाशी, नेरुळमध्ये बैठ्या घरात किंवा रो-हाउसमध्ये राहणाऱ्यांनी हे जरूर वाचा. पावसाळा तोंडावर आला की असली माणसं फिरायला लागतात.

मेअखेरीस गळ्यात ओळखपत्र घातलेला एकजण फाईल घेऊन आमच्या गल्लीत आला. आपण महापालिकेचे ठेकेदार आहोत, घरासमोरचं गटार आता घरमालकानेच साफ करून घ्यायचं, नाहीतर नोटीस आणि दंड, असं दारोदार सांगत सुटला. शेजारच्या काकू एकट्या राहतात, त्यांना तर नळ तोडण्याचीच भीती घातली. गटारसफाई, अंगणातल्या पाण्याची नवी जोडणी आणि पाणी उलटं येऊ नये म्हणून व्हॉल्व्ह, असे घरटी 8,000 रुपये त्याने गोळा केले, तेही स्वतःच्या क्यूआर कोडवर. पावतीवर ना क्रमांक, ना विभाग कार्यालयाचा शिक्का.

गटाराची दोन-चार झाकणं उचलून गाळ काठावरच टाकला, तो पहिल्या पावसात परत आत गेला. खरा घात घरात केला होता. अंगणातलं पावसाचं पाणी त्याने सरळ संडासाच्या चेंबरला जोडलं आणि वरून सिमेंट फिरवलं. जुलैत एका दुपारी भरती आणि मुसळधार पाऊस एकदमच आले, तेव्हा काकूंच्या न्हाणीघराच्या जाळीतून आधी बुडबुडे, मग काळं पाणी आणि पाठोपाठ मैला वर आला. बघता बघता घोटाभर साचला. खाली ठेवलेले तांदूळ, गाद्या, सगळं टाकून द्यावं लागलं. काकू पलंगावर पाय वर घेऊन रडत होत्या. त्या माणसाचा मला अजून संताप येतो.

व्हॉल्व्ह बसवला की घर कोरडं राहील, हेही धादांत खोटं. नवी मुंबईचा बराच भाग खाडीलगत भराव घालून वसवलाय. म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने धारण तलाव बांधले: भरतीला दारं बंद असतात, गटारांचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटी लागली की खाडीत जातं. तलाव गाळाने भरले असतील तर ते पाणी मागे रस्त्यावर तुंबतं. अशा वेळी व्हॉल्व्ह बाहेरचं पाणी अडवतो खरा, पण तो बंद असेपर्यंत आपल्या अंगणातलं पाणीही बाहेर पडत नाही.

रस्त्याकडेचं गटार राखणं आणि साफ करणं हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 नुसार महापालिकेचं बंधनकारक काम आहे. त्यासाठी दारात पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. महापालिकेने काम दिल्याच्या लेखी आदेशाची (कार्यादेशाची) प्रत मागा आणि त्याच्यासमोरच विभाग कार्यालयात फोन लावा. गटार तुंबलं असेल तर तिथे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. कुंपणाच्या आतले पाइप आणि चेंबर मात्र आपले, सोसायटी असेल तर सोसायटीचे. ते काम ओळखीच्या प्लंबरकडून, स्वतः समोर उभं राहून करून घ्या. पावसाचं पाणी आणि मैला यांच्या वाहिन्या कुठेही एकत्र होता कामा नयेत. सिमेंट फिरवण्याआधी चेंबर उघडून बघा.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवा, जितका उशीर कराल तितकी रक्कम अडवणं कठीण. आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. क्रमांक नसलेली अशी पावती तुमच्याकडेही असेल तर फाडू नका, पोलीस ठाण्यात नेऊन द्या.