पाते लोहाराकडे, दांडा आपल्या हाती

आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजाराला लागून पत्र्याच्या छपराखाली एक लोहारशाळा आहे. तिला पाटी नाही आणि नावही नाही. ‘बाजारातला लोहार’ एवढे विचारले की कोणीही वाट दाखवतो. घरातल्या जुन्या कुऱ्हाडीच्या पात्यात पोलाद भरून त्याला पाणी देण्याचे, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून धार कडक करण्याचे काम मी तेथे करून घेतले आणि दांडाही तेथूनच बसवून घेतला. पात्याच्या कामाची मी निःशंकपणे शिफारस करीन, दांड्याच्या कामाची मात्र करणार नाही. ही दोन कामे एकाच छपराखाली होत असली तरी त्यांच्या दर्जात बरेच अंतर आहे.

कुऱ्हाड लोहाराकडे नेण्यापूर्वी तिच्यावरचा गंज घरीच काढावा, असे माझे मत आहे. पाते रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले आणि सकाळी तारेच्या ब्रशने घासले की गंजाचे पापुद्रे सुटून येतात. त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच कोरडे करून तेलाचा हात फिरवावा, नाहीतर उरलेल्या आम्लामुळे गंज पुन्हा धरतो. या आंघोळीचा आणखी एक उपयोग आहे. जुन्या देशी कुऱ्हाडीत पाते मऊ लोखंडाचे आणि धारेपुरता पट्टा पोलादाचा असतो. आम्ल दोघांवर सारखे चढत नाही, त्यामुळे धारेलगतचा पोलादी भाग गडद दिसू लागतो आणि किती पोलाद शिल्लक आहे ते डोळ्यांना कळते. आमच्या कुऱ्हाडीत ते जेमतेम नखाएवढे उरले होते. वर्षानुवर्षे शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून धार काढून, आणि घासून बाकीचे संपले होते. कानशीनेही हीच परीक्षा होते. पाणी दिलेल्या पोलादावरून कानस घसरते, मऊ लोखंडात ती चटकन रुतते.

लोहारदादांनी पाते हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, “लाकूड फोडायचंय का फांद्या तोडायच्यात?” या एका प्रश्नावरून त्यांची पारख कळली. फांद्या तोडायच्या असतील तर पाते पातळ लागते, ओंडके फोडायचे असतील तर त्याचे गाल फुगीर हवेत, म्हणजे ते लाकडात अडकून न बसता लाकूड दोन्हीकडे ढकलते. मला बागेतल्या छाटणीसाठी कुऱ्हाड हवी होती, तसे सांगितल्यावर त्यांनी पात्याची जाडी कमी करून धारेला किंचित गोलाई दिली. मूळचे नेढे, म्हणजे दांडा घालायचे भोक, गोल असल्यामुळे पाते दांड्यावर फिरत असे. ते तापवून, आत लोखंडी ठोकळी घालून अंडाकृती करून देण्याची माझी विनंतीही त्यांनी मान्य केली.

पोलाद म्हणून त्यांनी ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा वापरला. पात्याच्या तोंडाला गरम असतानाच चीर पाडली, तीत पोलादाचा तुकडा बसवला, वर टाकणखार (बोरॅक्स) भुरभुरला आणि लोखंड पिवळेधमक, जवळजवळ पांढरे होईपर्यंत तापवून घणाखाली दोन्ही धातू एकजीव केले. टाकणखार वितळून गरम पृष्ठभागावरची जळ, म्हणजे जळक्या लोखंडाची खपली, धुऊन काढतो, म्हणूनच सांधा पक्का बसतो. या भट्टीला भाता नाही, हाताने फिरवायचा पंखा आहे. तो फिरवणाऱ्या वहिनींचे लक्ष लोखंडाच्या रंगावर लोहारदादांइतकेच बारीक होते.

खरे पैसे मोजायचे ते मात्र पाणी देण्याच्या कौशल्याचे. पाते लालबुंद झाल्यावर त्यांनी फक्त धारेकडचा दोन बोटे भाग पाण्यात बुडवला, लगेच बाहेर काढला आणि विटेच्या तुकड्याने धार घासून चकचकीत केली. मागच्या जाड भागात साठलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकू लागली आणि त्या घासलेल्या पट्ट्यावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी आणि त्यामागून जांभळा रंग उतरत आला. जांभळी छटा धारेला टेकताक्षणी सगळे पाते पाण्यात गेले. हा रंग साधारण 280 अंश सेल्सिअसचा. पिवळ्यावरच थांबले तर धार जास्त कडक राहून गाठीवर बसताच तिचा टवका उडतो, आणि निळा होऊन पुढे करडेपणावर गेले तर ती मऊ पडून मुडपते. छपराखाली मुद्दाम अंधार ठेवलेला असतो तो याचसाठी. भर उन्हात हे रंग नीट ओळखता येत नाहीत.

शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये मी पूर्वी दुसरी कुऱ्हाड दिली होती, ती आरशासारखी चकाकत परत आली. ग्राइंडर जोरात चालवल्यामुळे तिची धार कडेला निळी पडली होती, म्हणजे तिचे पाणी उतरले होते. ती एका हंगामातच बोथट झाली. बाजारातल्या लोहाराने परत दिलेले पाते काळपट, घणाच्या खुणा असलेले आहे. दिसायला ओबडधोबड, पण बाभळीच्या वाळक्या फांदीवरही त्याची धार वळली नाही. शेवटची बारीक धार आपण निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, पाणी शिंपडत लावावी, तेथे यंत्राची गरज नाही.

आता दांड्याविषयी. लोहारशाळेतून मिळालेला दांडा निलगिरीचा आणि ओला होता. उन्हाळ्यात तो आकसला आणि पाते हलू लागले. असा सैल दांडा पाण्यात भिजत घालण्याचा सल्ला सगळेच देतात, पण लाकूड नेढ्यात फुगून दबते आणि वाळल्यावर आधीपेक्षा सैल होते, म्हणून हा उपाय धोक्याचा आहे. शेवटी मी स्वतःच दांडा केला. धामणाचे लाकूड लवचिक आणि चिवट असते, ते मिळाले तर उत्तम. बाभूळही दणकट असते, धावडा जड पण टिकाऊ. सागवान कितीही मोलाचे असले तरी दणके सोसण्याच्या कामाचे नाही, ते तडकते. ओंडका करवतीने कापण्याऐवजी पाचर ठोकून फोडला तर रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतात. सावलीत पुरते वाळवून, वाकसाने तासून, शेवटी काचेच्या तुकड्याने खरवडून मी तो माझ्या मुठीच्या मापाचा केला आणि हात निसटू नये म्हणून खालच्या टोकाला थोडा फुगवटा ठेवला. रंग किंवा व्हार्निश लावले नाही, कारण त्याने तळहाताला फोड येतात. जवसाच्या तेलाचे पातळ हात पुरेसे होतात. हे तेल लावलेले फडके मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून उघड्यावर पसरून वाळवावे.

पोलाद भरणे, पाणी देणे आणि नेढे दुरुस्त करणे या सगळ्याचे त्यांनी 450 रुपये घेतले. मेहनतीच्या मानाने ही रक्कम कमी आहे, तेव्हा घासाघीस करू नये. दांड्याचे वेगळे पैसे देण्याची गरज नाही, नुसते पाते द्यावे. वैशाख-ज्येष्ठात पेरणीच्या तोंडावर फाळ, कुळवाच्या फासा आणि खुरप्यांची तेथे रांग लागलेली असते, त्या गर्दीत अशा निवांत कामाला वेळ मिळत नाही. दिवाळीनंतर जावे.