पीएस ५ प्रो: चष्मा पुसल्यासारखं, पण साठ हजारांत

न्यू जर्सीचा मावसभाऊ डोंबिवलीला आला तेव्हा त्याच्या बॅगेत आईसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या होत्या आणि माझ्यासाठी पीएस ५ प्रो, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलची वरची आवृत्ती. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा कन्सोल बाजारात आला, पण सोनीने भारतात आणला नाही. त्यातलं वायफाय ७ रेडिओ लहरींचा जो ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतं, तो आपल्याकडे तेव्हा खुला नव्हता. म्हणून ही खटपट.

किंमत तेव्हा ७०० डॉलर होती, वर टॅक्स. आणि एवढ्या पैशांत डिस्क ड्राइव्ह नाही! तिकडचे लोक गेम डाउनलोड करतात, त्यांचं भागतं. आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वापरलेल्या डिस्क घेऊन, गेम संपवून परत विकणारी माणसं. कपाटात अजून १९ डिस्क आहेत. त्यामुळे ८० डॉलरचा ड्राइव्हही भावाच्याच माथी मारला. बसतो पटकन, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं.

आता मुद्द्याचं. साध्या पीएस ५ वर बरेच गेम विचारतात: चित्र झकास हवं की हालचाल स्मूद? हे यंत्र घडवणारे मार्क सर्नीच म्हणाले होते की साधारण तीन चतुर्थांश लोक दुसरं निवडतात. मीही त्यातलाच. फायनल फँटसी ७ रीबर्थ हा गेम सेकंदाला साठ फ्रेमवर खेळताना सारखं वाटायचं, चष्मा पुसायला हवा. प्रोवर तेच कुरण लावलं तर गवताची पाती सुटी दिसायला लागली, फ्रेम तेवढ्याच. ही पीएसएसआर या सोनीच्या तंत्राची करामत: चित्र लहान काढायचं आणि एआयने मोठं, रेखीव करायचं. त्या दहा मिनिटांत पैसे वसूल झाल्यासारखे वाटले. (बायकोला नाही वाटले. "तोच गेम ना?")

प्रोसेसर मात्र २०२० च्या पीएस ५ मधलाच, एएमडीचा झेन २, फार तर १० टक्के जास्त पळणारा. गेममधल्या गर्दीच्या बाजारपेठेत जिथे प्रोसेसरच धापा टाकतो, तिथे नवीन ग्राफिक्स चिप काय करणार?

२०१६ चा पीएस ४ प्रो ४०० डॉलरला आला, म्हणजे मूळ पीएस ४ च्याच पहिल्या किमतीत. "थांब, स्वस्त होईल" हा आमचा पिढीजात मंत्र तेव्हा चालायचा. पीएस ५ मी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना घेतला. पुढच्या वर्षी तोच ५४,९९० झाला. जुनं खाली येत नाही आणि नवीन आणखी वर जाऊन बसतं. याला नवी पिढी म्हणायचं की फोनसारखं महागडं मॉडेल? मला तरी हे फोनसारखंच वाटतं.

६५ इंची ४के टीव्ही असेल आणि सोफा जवळ असेल तरच विचार करा. माझा जुना पीएस ५ भाच्याकडे गेला, त्याच्या ३२ इंची टीव्हीवर. परवा त्याला प्रोवर स्पायडर-मॅन २ लावून दिला. थोडा वेळ खेळला आणि म्हणाला, "मामा, हा तर माझ्याकडेपण आहे."