चारही चाकांत ३३

मी रात्रपाळी करते. कामावरून सुटते तेव्हा बाहेर अंधार असतो आणि परतीचा रस्ता बराचसा दिव्यांशिवायचा. अशा वेळी वाकून टायर बघत बसणं होत नाही, म्हणून जुनी गाडी शोधताना माझी एकच अट होती: प्रत्येक चाकातली हवा पडद्यावर दिसली पाहिजे. विकणाऱ्याला ही अट मी पहिल्याच फोनवर सांगितली. मी कशावर विश्वास ठेवणार आहे, हे त्याला आयतंच कळलं.

गाडी बघायला पोचले तेव्हा इंजिन चालूच होतं. "ताई, तुम्ही येणार म्हणून एसी लावून ठेवला," तो म्हणाला. मला बरं वाटलं. पण चालू गाडीत बसलं की चावी फिरवल्यानंतरचे पहिले काही सेकंद आपल्याला दिसतच नाहीत, आणि बघायचे असतात ते तेवढेच.

चावी 'ऑन'वर आणली, इंजिन अजून सुरू केलेलं नाही, अशा वेळी डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे एकदम पेटतात. ते जिवंत आहेत हे दाखवायलाच पेटतात. थोड्या सेकंदांत एअरबॅग आणि एबीएसचे (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवे आपली तपासणी उरकून विझतात. तेलाच्या दाबाचा लाल कॅनचा दिवा आणि बॅटरीचा दिवा मात्र इंजिन सुरू होईपर्यंत पेटलेलेच राहतात. यातला जो दिवा या वेळी पेटत नाही, तो बिघाड झाल्यावरही पेटणार नाही. त्याचा बल्ब काढलेला असू शकतो, नाहीतर त्यावर काळी पट्टी चिकटवलेली. जुन्या गाड्यांत आणखी एक लबाडी करतात: एअरबॅगच्या दिव्याची वायर तेलाच्या दिव्याला जोडून देतात. मग तो पेटतोही आणि इंजिन सुरू होताच विझतोही, बघणाऱ्याला शंका येत नाही. म्हणून चावी 'ऑन'वर ठेवून थांबायचं आणि कोणता दिवा कधी विझतो ते बघायचं. एअरबॅगचा दिवा इंजिन सुरू होईपर्यंत थांबला आणि तेलाच्या दिव्याबरोबरच विझला, तर गाडी सोडून घरी यायचं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बोनेटला हात लावून इंजिन आधीपासून तापवून ठेवलंय का हेही मी पाहिलं नाही.

त्यानं स्टिअरिंगखाली गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा एक छोटा स्कॅनर लावला आणि फोन माझ्यासमोर धरला. हिरव्या अक्षरांत 'एकही दोष नाही' असं आलं होतं. मी त्याचा फोटो काढला. टायर काळेभोर चमकत होते. "गेल्याच वर्षी टाकलेत, चारही." पडद्यावर चार चाकं आणि चार आकडे: ३३, ३३, ३३, ३३. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर मी वाकून वाचलं, तिथंही ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). गाडी एकदाही ठोकलेली नाही, असं तो दोनदा म्हणाला. कागदावर 'जशी आहे तशी' असे शब्द होते. मी सही केली.

पहिले दोन आठवडे मी खूश होते. निघण्याआधी पडद्याकडे बघायचे, चार ३३ दिसायचे, निघायचे. दुपारी उन्हात उभी राहिली की चारही ठिकाणी ३४, पहाटे गारव्यात चारही ठिकाणी ३२. आकडे जोडीनं चढायचे आणि जोडीनं उतरायचे. मी मैत्रिणीला कौतुकानं सांगितलं होतं की आधीच्या मालकानं गाडी किती निगुतीनं ठेवलीय बघ.

खऱ्या चाकांत असं होत नाही. तापमान साधारण साडेपाच अंशांनी बदललं की दाब एका पीएसआयनं बदलतो, आणि उन्हातल्या बाजूची दोन चाकं सावलीतल्या दोन चाकांपेक्षा जास्त तापतात. गाडी मोठ्या रस्त्यावर तासभर पळाली की टायर गरम होऊन दाब चार-पाच पीएसआयनं सहज वाढतो. म्हणून तर हवा गार टायरमध्ये मोजायची असते, गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर. आणि भरायची ती दारावरच्या स्टिकरप्रमाणे. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा त्या टायरला सोसणारा कमाल दाब असतो. माझ्या गाडीत तासभर पळूनही आकडा हलत नव्हता. रोज डोळ्यांसमोर होतं, तरी लक्षात आलं नाही.

साधारण चारशे किलोमीटर झाले आणि इंजिनचा पिवळा दिवा लागला. मी त्याला फोन केला. "ताई, पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल राहिलं असेल. घट्ट लावा, आपोआप जाईल." झाकण सैल असलं तरी हा दिवा लागतो, हे खरंच आहे. म्हणून मला पटलं. झाकण आवळलं आणि वाट बघत राहिले. दिवा स्थिर होता. तो लुकलुकायला लागला तर मात्र गाडी तशीच पळवायची नाही, कारण सिलिंडरमध्ये न जळलेलं इंधन पुढं जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. लुकलुकत नव्हता, म्हणून मी निवांत राहिले.

मग ती रात्र. पावणेदोन वाजले होते. एका वळणावर गाडीची मागची बाजू हलकीशी डुलली, जणू मागून कुणी ढकलतंय. पडद्यावर चार ३३. मी तशीच पुढं गेले. पुढच्या वळणावर पुन्हा तेच, थोडं जास्त. पडद्यावर चार ३३. रस्ता खराब असेल असं मी स्वतःला सांगितलं. हे लिहितानाही अंगावर काटा येतो, कारण हात स्टिअरिंगवरून सांगत होते, पाठ सीटवरून सांगत होती, आणि मी मात्र त्या आकड्यांचं ऐकत होते. शेवटी जळक्या रबराचा वास आला तेव्हा थांबले. मागचं डावं चाक जवळजवळ रिमवर बसलं होतं.

स्टेपनी बदलायला मला पाऊण तास लागला. नट सुटत नव्हते, फोनचा उजेड दातांत धरला होता. पंक्चर चाक डिकीत टाकलं, आत येऊन बसले आणि चावी फिरवली. पडदा उजळला. मागचं डावं: ३३.

त्या चाकावर आता स्टेपनी होती. चाकातला दाब मोजून पडद्याला कळवणारा सेन्सर स्टेपनीत बहुतेक गाड्यांत नसतोच. ज्या चाकाचा सेन्सर असायला हवा होता ते चाक डिकीत चपटं पडलं होतं. आणि गाडी मला सांगत होती की मागच्या डाव्या चाकात हवा बरोबर आहे. मी गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली. ३३. मग घरापर्यंत चाळीसच्या वेगानं आले.

सकाळी टायरवाल्या काकांकडे गेले. त्यांनी टायर रिमवरून उतरवला आणि आतून मूठभर काळा भुसा काढून दाखवला. "हवा कमी असताना पळवलंत. कड आतून घासली गेली. अजून थोडं गेलं असतं तर फुटलाच असता." मग त्यांनी रिमच्या आत बोट फिरवलं. "सेन्सर कुठाय?" तिथं साधा रबरी वॉल्व्ह होता. बाकीची तीन चाकंही उतरवली. एकातही सेन्सर नव्हता.

"मग आकडे कुठून येतात?" मी विचारलं.

काका थोडा वेळ गप्प बसले. "आकडे येतायत म्हणजे सेन्सर गाडीतच आहेत. फक्त चाकात नाहीत."

डिकीतलं कार्पेट उचललं, बाजूचं पॅनल काढलं. आत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला, हातभर लांबीचा राखाडी प्लॅस्टिकचा पाइप होता. दोन्ही टोकं टोपण लावून चिकटवलेली, एका टोकाला टायरचा वॉल्व्ह बसवलेला. हलवला की आत काहीतरी खुळखुळायचं. काकांनी वॉल्व्हला गेज लावलं. ३३.

त्यांनी वॉल्व्हची सुई दाबली. हवा सुसाटत बाहेर पडली. आम्ही दोघं पुढच्या दारातून पडद्याकडे बघत राहिलो. दोनेक मिनिटांत चारही आकडे एकापाठोपाठ कोसळले आणि नालाच्या आकाराचा, मधे उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागला. गाडी घेतल्यापासून तो मी पहिल्यांदाच पाहत होते.

ही लबाडी सगळ्या गाड्यांत चालत नाही. काही सेन्सर चाक फिरल्याशिवाय नीट बोलतच नाहीत. काही गाड्यांत तर सेन्सर नसतातच. एबीएस चाकांचा वेग मोजतं आणि कमी हवेचं चाक किंचित जास्त फिरतं, त्यावरून अंदाज बांधला जातो. माझ्या गाडीतले सेन्सर उभ्या गाडीतही ठराविक वेळानं दाब कळवणारे होते. तुमच्या गाडीतही आकडे दिसत असतील तर तपास सोपा आहे: एका चाकातली चार-पाच पीएसआय हवा सोडायची, थोडं अंतर चालवायची आणि तोच आकडा उतरतो का बघायचं. पण फक्त दिवा असेल तर एवढ्यावर थांबू नका. अमेरिकेत २००७ पासून आणि युरोपात २०१४ पासून नव्या गाड्यांत ही यंत्रणा सक्तीची आहे, पण अमेरिकी नियमाप्रमाणे दिवा लागणं बंधनकारक आहे ते दाब २५ टक्क्यांनी घटल्यावर. ३३ पीएसआयच्या गाडीत तो २५च्या खाली येईपर्यंत गप्प राहू शकतो. हातातलं साधं गेज महिन्यातून एकदा तरी लावायला हवंच.

टायरही नवे नव्हते. टायरच्या कडेवर असलेल्या उत्पादनाच्या खुणेतले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. दोन टायरांवर ते १४१६ निघाले, म्हणजे २०१६ सालचा चौदावा आठवडा. तारखेसह पूर्ण खूण टायरच्या एकाच बाजूला असली तरी चालते, आणि हे दोन्ही टायर ती बाजू आत करून बसवलेले होते. चमक पॉलिशची होती.

काकांनीच सुचवलं म्हणून गाडी एका मेकॅनिककडे नेली. त्यानं बॅटरी सोडवून, थोडं थांबून स्टिअरिंगचं मधलं झाकण उघडलं. आत एअरबॅग नव्हती. तिच्या जोडणीत शेंगदाण्याएवढा रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा छोटा भाग) खोचलेला होता, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला वाटावं की एअरबॅग जागेवर आहे. असं केलं की दिवा नियमाप्रमाणे पेटतो, नियमाप्रमाणे विझतो आणि स्कॅनरमध्येही दोष येत नाही. चावीची वर सांगितलेली परीक्षा इथं उपयोगाची नाही. झाकण बाजूच्या प्लॅस्टिकपेक्षा वेगळ्या रंगाचं किंवा पोताचं दिसतंय का, कडांना गोंद आहे का, हे बोट फिरवून बघावं लागतं. एकदाही न ठोकलेल्या गाडीतली एअरबॅग कुठं गेली, हा प्रश्न मी नंतर फोनवर विचारला. उत्तर मिळालं नाही.

इंजिनच्या दिव्यामागच्या दोषाचा कोड पी ०४२० निघाला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा त्याचा अर्थ. झाकणाचा काही संबंध नव्हता. मग मेकॅनिकनं एक गोष्ट दाखवली, जी जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. कोड पुसून टाकल्यापासून गाडी किती चालली याचा हिशोब गाडी स्वतः ठेवते, आणि तो बऱ्याच स्कॅनरवर दिसतो. माझ्या गाडीत तो ६११ किलोमीटर होता. गाडी घेतल्यापासून मी ६०४ चालवली होती. मी यायच्या सात किलोमीटर आधी सगळे दोष पुसले गेले होते.

कोड पुसले की इंजिनच्या धुराशी संबंधित स्वयंतपासण्याही पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि त्या पुऱ्या व्हायला बरीच, वेगवेगळ्या वेगाची चाल लागते. मी घरी येऊन त्या दिवशी काढलेला फोटो मोठा करून पाहिला. 'एकही दोष नाही' या हिरव्या ओळीच्या खाली, लहान अक्षरांत, पाच तपासण्यांपुढे 'अपूर्ण' लिहिलेलं होतं. पुरावा पहिल्या दिवसापासून माझ्याच फोनमध्ये होता. 'दोष नाही' आणि 'अपूर्ण' एकत्र दिसले तर गाडीतले दोष नुकतेच पुसलेत असं समजा, किंवा बॅटरी नुकतीच काढली होती का ते विचारा, आणि शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा बघायला या.

विकणाऱ्याला मी पाइपचे, रेझिस्टरचे आणि स्कॅनरचे फोटो पाठवले. "गाडी जशी आहे तशी घेतलीत, तुमची सही आहे," एवढंच लिहून आलं, मग नंबर बंद. रीतसर लेखी तक्रार दिली आहे. पाइप कपाटात ठेवला आहे, तो लागेल.

एअरबॅग बसवून होईपर्यंत गाडी चालवली नाही. चार टायर आणि चार सेन्सर नवे घेतले. काल रात्री निघताना आकडे होते ३३, ३३, ३२, ३३. घरी पोचले तेव्हा ३६, ३७, ३६, ३६. उतरण्याआधी मी ते दोनदा वाचले.