गिरगावातलं मेडिकल सुटलं, त्यानंतरचे सात महिने

चाळ पुनर्विकासाला गेली आणि आम्ही मुलुंड पूर्वेला भाड्याने राहायला आलो. दूधवाला, पेपरवाला, कामाच्या मावशी, सगळं आठवड्याभरात मार्गी लागलं. अडलं ते औषधांचं. सासऱ्यांना ब्लडप्रेशरची आणि झोपेची गोळी, सासूबाईंना थायरॉईडची गोळी आणि इन्सुलिन. पहिल्याच महिन्यात सासरे कोणाला न सांगता दादरला गाडी बदलून चर्नी रोडला गेले आणि चाळीखालच्या शेठकडून महिन्याची पिशवी घेऊन आले. वय एकोणऐंशी. त्या रात्री मी घरपोच औषधं देणाऱ्या एका अ‍ॅपवर खातं उघडलं.

आपल्याकडे प्रिस्क्रिप्शन एका मेडिकलमधून दुसरीकडे पाठवायची भानगडच नसते, कागद आपल्याच घरात असतो. फोटो काढायचा, टाकायचा, तिकडचा फार्मासिस्ट तपासतो, संपलं. निदान मला तसं वाटलं होतं. सासूबाईंचा कागद सापडला तो दोन वर्षांपूर्वीचा, घडीवर फाटलेला. त्यावर थायरॉईडची गोळी ५० मायक्रोग्रॅम. मी तोच टाकला, ५० च्याच गोळ्या आल्या. सासूबाईंनी बाटली डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाल्या, "अगं, माझी साडेबासष्टची असते."

मधे कधीतरी रिपोर्ट बघून डॉक्टरांनी फोनवरच डोस वाढवला होता. शेठनी तो वहीत टिपून घेतला होता. आमच्या घरातल्या एकाही कागदावर तो नव्हता. अ‍ॅपवाल्यांचं यात काही चुकलं नाही, त्यांनी कागदावर होतं ते दिलं.

मग शेठना फोन लावला. गिऱ्हाईक तोडायला फोन करतेय म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. पण त्यांनी वही काढून वीस मिनिटं एकेक ओळ वाचून दाखवली. शेवटी म्हणाले, "दादांना अ‍ॅम्लोडिपिन देऊ नका हां, मागे पाय सुजले होते." ब्लडप्रेशरच्या या गोळीचं सासरेही विसरले होते! ती यादी घेऊन मी डॉक्टरांकडे गेले आणि दोघांचे कागद नव्याने लिहून आणले. औषधाचं मूळ नाव, डोस, किती दिवस, आणि हट्टाने मागून घेतलेली एक ओळ: तीन महिने परत परत द्यावे. कागदावर तसं लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं, असा १९४५ च्या औषध नियमांतच नियम आहे. नाक्यावर कोणी विचारत नाही म्हणून आपल्याला तो ठाऊक नसतो. अ‍ॅपवर मात्र ही ओळ नसली की ऑर्डर अडकते.

बाकी रोजचा व्यवहार बरा आहे. दुपारी ऑर्डर टाकली की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पिशवी दारात. बिलावर प्रत्येक औषधाचा बॅच नंबर आणि एक्स्पायरी असते. शेठ पट्टी कापून चार गोळ्या द्यायचे, तेव्हा एक्स्पायरी बरेचदा त्यांच्याकडेच राहायची. इथे पट्टी अख्खीच घ्यावी लागते. सवलत दिसायला मोठी, पण छोट्या ऑर्डरला डिलिव्हरीचे पैसे लावतात, त्यामुळे मी सगळं एकदमच मागवते. सांगितलेला ब्रँड नसला तर आधी फोन येतो. एकदा विचारलं, "कंपनी वेगळी आहे, औषध तेच, चालेल?" मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून सांगते. त्यांनीही घाई केली नाही.

राग आला तो मे महिन्यात. इन्सुलिन थर्माकोलच्या डब्यात, जेलच्या थंड पिशव्या घालून येतं. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. डिलिव्हरीवाल्या मुलाने फोन न करता डबा वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवला, वर पत्रा. अडीच तासांनी मला कळलं. पिशव्या कोमट, पाण्यासारख्या डुचमळत होत्या. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. खराब झालंच असेल असं नाही, पण बघून ते कळतही नाही. काचेतून ते तसंच स्वच्छ दिसत होतं. चार दिवस भांडून, डब्याचे फोटो पाठवून पैसे परत मिळाले. त्या चार दिवसांचं इन्सुलिन मी नाक्यावरच्या मेडिकलमधून रोख आणलं. तेव्हापासून इन्सुलिन तिथूनच. तो फ्रिजमधून काढून हातात देतो, पाच मिनिटांत घरच्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. दारात नाही आणि फ्रीझरजवळ तर मुळीच नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

झोपेची गोळीही अ‍ॅपवर मिळाली नाही. ती गोळी म्हणजे अल्प्राझोलाम, एच-वन यादीतलं, म्हणजे विक्रीवर जास्त कडक नियम असलेल्या औषधांपैकी. दुकानदाराला त्याची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षं जपावी लागते. सासरे स्वतः कागद घेऊन नाक्यावर जातात. त्यांना तेवढंच काम उरलंय म्हणून मी जाऊ देते.

म्हणजे सध्या अ‍ॅपवर राहिल्या त्या ब्लडप्रेशरच्या आणि थायरॉईडच्या गोळ्या. दर महिन्याला आपोआप ऑर्डर जायची सोय मी सुरू केली होती, ती परवा बंद केली. ब्लडप्रेशरच्या चार पट्ट्या जास्तीच्या साठल्यात आणि सोमवारी डॉक्टर डोस बदलतील असं दिसतंय.