विषारी साप न्यायला बरणी, टब की प्लायची पेटी? घरी बनवायचंच असेल तर

पेटी बनवायचीय म्हटलं की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो प्लाय किती जाडीचा घेऊ. मी उलट विचारतो, झाकण कसं लावणार आणि उघडताना तुमचा हात कुठे असणार? कारण साप काही भिंत फोडून बाहेर येत नाही, तो झाकणाच्या फटीतून येतो, आणि माणसाला दंश होतो तोही साप आत टाकताना नाहीतर बाहेर काढताना. मधल्या प्रवासात बिचारा बहुतेक वेळ वेटोळं घालून पडलेला असतो. म्हणून खाली तिन्ही पर्यायांची तुलना मी झाकणावरूनच केलीय. आणि एक आधीच सांगतो, हे सगळं हुक (साप उचलायची वाकड्या टोकाची काठी) वापरायची सवय असलेल्यांसाठी आणि ज्यांच्याकडे परवानगी आहे त्यांच्यासाठी, पहिल्यांदाच साप धरणाऱ्याने पेटी बनवण्यापासून सुरुवात करू नये.

बरणीपासून सुरू करू, कारण सर्पमित्रांच्या हातात तीच जास्त दिसते. रुंद तोंडाची, आटे असलेल्या झाकणाची. पारदर्शक, धुवायला सोपी, कोपरा नाही त्यामुळे घाण साचत नाही आणि सापाला नाक खुपसायला जागा पण नाही. आडवी ठेवून वर कापड टाकलं तर आत अंधार होतो आणि साप बिळ समजून आपणहून शिरतो, ओढाताण करावी लागत नाही. पण झाकण लावायची वेळ आली की दोन्ही हात थेट तोंडावर येतात, हीच तिची मोठी खोट. नाग उभा राहिला की डोकं नेमकं तिथेच. यावर उपाय म्हणजे तोंडावर आधी एक सपाट पत्रा किंवा जाड प्लास्टिकची पाटी सरकवायची, बरणी उभी करायची, साप तळाला बसू द्यायचा, मग पाटी काढत काढत झाकण. दुसरी गंमत आट्यांची, झाकण तिरकं बसलं तरी घट्ट झाल्यासारखं वाटतं आणि बरणी जरा आपटली की निघून हातात. बसवल्यावर झाकण धरून बरणी कधी उचलू नका, आणि झाकणाची कड सगळीकडून सारख्या उंचीवर आहे का हे बाजूने वाकून बघा, एक सेकंद लागतो.

क्लिपवाला टब दिसायला एकदम सोयीचा. तळ रुंद, साप पसरून बसतो, बाजूने दिसतो. मी सुरुवातीला हेच वापरायचो आणि एकदा चांगलाच फजित झालो, टबमधली धामण गाडीतच बाहेर पडली आणि दोन दिवसांनी मागच्या सीटखाली मिळाली. धामण होती म्हणून हसत सांगतोय. चूक काय होती ते नंतर टब हातात घेऊन बघितलं तेव्हा कळलं. क्लिपा असतात आखूड बाजूंना, आणि लांब बाजूच्या मधोमध झाकण बोटाने दाबलं तर भिंत बाहेर फुगते आणि फट पडते. साप रात्रभर नाकाने तेच करत बसतो, कड चाचपत चाचपत जिथे जरा हलतंय तिथेच पुन्हा पुन्हा ढकलतो, त्याला दुसरं काम काय आहे. तेव्हा टबच वापरायचा असेल तर चारी बाजूंनी क्लिपा हव्यात, वरून दोन पट्टे आडवे-उभे आवळायचे, आणि तरीही साप आत पिशवीतच. नुसता मोकळा विषारी साप टबमध्ये, याला माझं साफ नाही आहे. प्लास्टिक उन्हात पडून पडून ठिसूळ पण होतं, कालपर्यंत चांगली असलेली क्लिप आज चटकन तुटते.

आता प्लायची पेटी. मेहनत सगळ्यात जास्त, वजनही जास्त, पण झाकण आपल्याला हवं तसं करता येतं आणि म्हणून मी शेवटी इथेच आलो. १२ मिमी प्लाय पुरतो. खिळे नकोत, स्क्रू आणि गोंद, कारण खिळा हादऱ्यांनी सैल होत जातो. बिजागरी पूर्ण लांबीची, पियानो बिजागरी म्हणतात ती, दोन सुट्या बिजागऱ्यांमध्ये कोपरा उचकटायला वाव राहतो. आणि बिजागरी तुमच्या बाजूला, कडी-कोयंडा पलीकडे. पहिल्यांदा उलटं वाटतं, पण कडी काढून हुकने पलीकडची कड उचलली की झाकण तुमच्या आणि सापाच्या मध्ये ढालीसारखं उभं राहतं. ते मागे तुमच्या अंगावर पडू नये म्हणून आतून छोटी साखळी. कड्या दोन, कुलूप दोन्हींना.

या लाकडी झाकणाच्या खाली दुसरं पारदर्शक झाकण बसवा, माझ्या मते सगळ्या पेटीत हीच गोष्ट सगळ्यात कामाची. चार-पाच मिमीचं पॉलीकार्बोनेट, खाचेत सरकणारं. ॲक्रिलिक पण चालतं पण भोकाच्या कडेला तडकतं. वरचं झाकण उघडायचं, साप कुठे आहे, डोकं कुठल्या कोपऱ्यात आहे, पिशवीची गाठ शाबूत आहे का हे निवांत बघायचं आणि मगच खालचं सरकवायचं. बरणीचा दिसण्याचा फायदा आणि पेटीचा अंधाराचा फायदा, दोन्ही एकत्र. अंधार महत्त्वाचा आहे, आजूबाजूची हालचाल दिसत राहिली तर साप फुसफुसत डाफरत राहतो, टब आणि बरणीवर म्हणूनच कापड टाकावं लागतं.

हवेची भोकं ३ मिमीची, दोन समोरासमोरच्या बाजूंना, वरच्या भागात. सापाला हवा आपल्या अंदाजापेक्षा कमी लागते, त्यामुळे चाळण करायची गरज नाही. ड्रिल आतून बाहेर मारा म्हणजे फुटलेल्या कुसा बाहेर राहतात, नाहीतर साप नाक घासून घासून रक्त काढतो. आतून खरखरीत जाळी लावली तरी हाच प्रकार. भोकं लहान का, तर घोणस पिल्लंच घालते, एका वेळी २० ते ४० सुद्धा, पोटुशी मादी उचलली आणि प्रवासातच व्याली तर तुम्ही एक साप घेऊन निघालात आणि पोचलात तीसेक घेऊन, आणि पिल्लूही जन्मतः विषारी. थुंकणारा नाग असेल तर भोकांवर बाहेरून कापडाची पट्टी ठोका, त्याची पिचकारी दोन मीटरपर्यंत जाते आणि डोळा भोकाला लावून बघायचा मोह कोणालाही होतो.

उचलायचं हँडल झाकणावर लावू नका, दोन्ही बाजूंना लावा. झाकणावर असलं की सगळं वजन बिजागरी आणि कडीवर येतं. प्लायचा तोटा म्हणजे पाणी पितो. माझी पहिली पेटी दमट हवेत फुगली आणि झाकण एका कोपऱ्यात काडीभर वर राहायला लागलं, ते पण कडी लागत असताना, म्हणजे बघणाऱ्याला बंद. आतून-बाहेरून वार्निश मारा, पण वास पूर्ण जाईपर्यंत साप ठेवू नका. धुताना फिनाईल नको, सापाला घातक असतं. सांध्यांत गोचिडी लपतात, या बाबतीत प्लास्टिक सरळ सरळ जिंकतं.

पिशवी मात्र तिन्हीकडे लागते. घट्ट विणीचं सुती कापड, दुहेरी शिलाई, शिवण बाहेरच्या बाजूला कारण सुटे दोरे सापाच्या दातात अडकतात. तोंड पिळायचं, बांधायचं, पीळ दुमडून पुन्हा बांधायचं, आणि गाठ मारायच्या आधी हुकची दांडी पिशवीवर आडवी दाबून साप पलीकडे ठेवायचा. पिशवी म्हणजे संरक्षण नव्हे हे मात्र डोक्यात पक्कं असू द्या, कापडातून दात सहज आरपार जातो, आफ्रिकेतल्या गॅबून व्हायपर या सापाचे तर ५ सेंमीपर्यंत असतात. पिशवी मांडीवर, खांद्याला, पायाशी लोंबकळत, अजिबात नाही. सप्टेंबर २००१ मध्ये उत्तर म्यानमारमध्ये जोसेफ स्लोविन्स्की या सर्पतज्ज्ञाने पिशवीत हात घातला आणि साप चावला. आत मण्यारीसारखा दिसणारा बिनविषारी साप आहे असं सहकाऱ्याने समजून पिशवी दिली होती, होती ती खरी मण्यार, छोटीशी. दुसऱ्या दिवशी तो वारला. नवशिका नव्हता, आयुष्य सापांमध्ये गेलेला माणूस. म्हणून पिशवीला वेगळी चिठ्ठी आणि पेटीला वेगळी, दोन्हींवर सापाचं शास्त्रीय नाव, संख्या, "विषारी साप" मोठ्या अक्षरात आणि एक फोन नंबर. अपघात झाला तर पेटी उचलणारा तुम्ही नसणार, आणि डॉक्टरला साप कोणता हे कळलं पाहिजे, एकाची लस दुसऱ्याला चालेलच असं नाही.

ऊन. बरणी आणि टब उन्हात काही मिनिटांत भट्टी होतात, प्लाय जरा वेळ तग धरतो पण बंद गाडीत तोही नाही. साप गुदमरून मरण्यापेक्षा तापून मरायची भीती जास्त, त्याला घाम येत नाही. पेटी सीटबेल्टने किंवा पट्ट्याने बांधा, घसरत आपटत जाऊ देऊ नका. आणि पेटी ऐसपैस करू नका, वेटोळं बसून थोडी जागा उरेल इतकीच, मोठ्या पेटीत साप प्रत्येक वळणावर आपटतो. एका कप्प्यात एकच, मण्यार तर दुसरे साप खातेच.

मग कोणी काय घ्यावं? अर्ध्या-एक तासाचं अंतर, एक फुरसं किंवा लहान मण्यार, तर चांगली बरणी, आत पिशवी, बाहेरून एक पट्टा, बास. पेटीच्या मागे लागू नका. मोठा नाग, मोठी घोणस, लांबचा प्रवास किंवा गाडीत दुसरं कोणी असणार असेल तर प्लायची पेटी आणि दुहेरी झाकण. टब मी फक्त पेटीच्या आतला टब म्हणून घेईन, तेव्हा तो खरंच छान काम करतो, धुवायला पण निघतो.

पेटी झाली की लगेच साप टाकू नका. रात्री खोलीचे दिवे बंद करा, आत टॉर्च पेटवून ठेवा, दोन्ही कड्या लावा आणि चारी बाजूंनी फिरून बघा. भोकांतून ठिपके दिसतील ते ठीक, पण कुठे उजेडाची रेघ दिसली तर तिथे बोट लावून खडूने खूण करा. माझ्या दुसऱ्या पेटीत ती बिजागरीच्या डाव्या टोकाला निघाली होती, स्क्रू सगळे घट्ट असताना.