तीन चोऱ्या: काउंट एक घ्यावा की तीन?

अमेरिकेत एकाच दुकानातून वेगवेगळ्या तीन दिवशी प्रत्येकी 400 डॉलरचा माल उचलल्याचा आरोप आहे, असं धरू. गुन्हा कबूल करून सरकारी वकिलाशी तडजोड करताना प्रश्न येतो: तिन्ही मिळून एक काउंट (आरोपपत्रातला स्वतंत्र आरोप), की सुटे तीन? घरच्यांना वाटतं, एकच बरा, डाग एकच लागेल. पण हा हिशेब राज्यागणिक बदलतो.

कॅलिफोर्नियात किरकोळ आणि मोठ्या चोरीमधली रेषा 950 डॉलरची आहे. सुट्या तीन चोऱ्या किरकोळ ठरतात, प्रत्येकीला फार तर सहा महिने. बेरीज 1200 झाली की ‘ग्रँड थेफ्ट’ (मोठी चोरी), म्हणजे फेलनी (गंभीर गुन्हा) होण्याइतकी. 1961 च्या बेली खटल्यात सरकारी मदतीचे पैसे खोटं सांगून हप्त्याहप्त्याने घेतले होते. एकेक हप्ता रेषेच्या आत, बेरीज बाहेर. कोर्टाने कसोटी दिली: हेतू एक, ऊर्मी एक, बेत एक, तर गुन्हाही एक. बचावाचे वकील पुढे पन्नासेक वर्षं हाच निकाल उलटा वापरत होते: बेत एक होता ना, मग वीस काउंट कशाला? 2014 मध्ये व्हिटमर खटल्यात ते दार बंद झालं. मोटरसायकलच्या शोरूमचा मॅनेजर, बनावट विक्रीचे 20 काउंट. बेत एकच असला तरी प्रत्येक स्वतंत्र कृत्याचा गुन्हा वेगळा, असं कोर्ट म्हणालं. गंमत म्हणजे नियम नवा म्हणून त्याला स्वतःला तो लागू झाला नाही, पुढच्यांना झाला. 2024 च्या प्रपोझिशन 36 ने, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्याने, बेरजेला आणखी मोकळीक दिली. थोडक्यात, तिथे बेरीज आता बहुतेक सरकारी वकिलाच्याच कामाची आहे.

न्यूयॉर्कची कसोटी 1941 च्या कॉक्स खटल्यातली, भुयारी रेल्वेच्या टर्नस्टाइलमधली (प्रवेशाच्या फिरत्या फाटकांमधली) नाणी चोरल्याची. मालक तोच, जागा तीच आणि मनातली ऊर्मी सलग असेल तर सगळं मिळून एक लार्सनी (चोरीचा गुन्हा). दर वेळी नव्याने मोह झाला असेल तर गुन्हे वेगळे. गल्ल्यातून रोज थोडे थोडे काढणारा कॅशियर पहिल्या प्रकारात सहज बसतो, दुकानात गेल्यावर हात मारणारा बसेलच असं नाही. रेषा 1000 डॉलरची, त्यामुळे आपले 1200 जोडले गेले तर फेलनी, चार वर्षांपर्यंत.

न्यू जर्सीत 200 डॉलरनंतरच प्रकरण चढतं. 400 ची एकेक चोरीच चौथ्या श्रेणीची, 18 महिन्यांपर्यंत. बेरीज 500 च्या वर गेली की तिसरी श्रेणी, तीन ते पाच वर्षं. बेत एक असेल तर वेगवेगळ्या दुकानांचीही बेरीज होते, तसं कायद्यातच लिहिलं आहे. तेव्हा इथल्या एडिसन गावातल्याने कॅलिफोर्नियातल्या मित्राच्या अनुभवावर विसंबू नये.

व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर असाल तर आणखी एक गणित आहे, आणि माझ्या मते तेच आधी मांडावं. इमिग्रेशनच्या कायद्यात चोरी सहसा नैतिक अधःपाताच्या, म्हणजे अप्रामाणिक किंवा नीच मानल्या जाणाऱ्या, गुन्ह्यांत मोडते. एकाच बेतातले नसलेले असे दोन गुन्हे सिद्ध झाले की देशाबाहेर काढता येतं. इथे ‘एक बेत’चा अर्थ फार आखूड. 2011 च्या एका निकालात चोरलेली कार्डं काही तासांत अनेक दुकानांत वापरली होती, तरी इमिग्रेशन अपील मंडळाने बेत एक मानला नाही. म्हणजे सुटे तीन किरकोळ काउंट कबूल करणं इथे महागात पडतं. एकच मोठा काउंटही सुरक्षित नाही: प्रवेशानंतर पाच वर्षांच्या आतला गुन्हा आणि त्याला वर्षभर किंवा अधिक शिक्षा शक्य असेल, तर तेवढाच एक पुरतो.

म्हणून एक की तीन यात अडकू नका. एका चोरीचा एक किरकोळ काउंट कबूल, बाकीचे मागे घ्यायचे, आणि दुकानाची भरपाई मात्र तिन्हींची, असा प्रस्ताव मागून पाहावा. सही करण्याआधी तो मसुदा फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनच्या वकिलालाही दाखवा.