उत्खननाची तयार पेटी घ्यावी की लोहाराकडचं खुरपं?

पुरातत्त्वाच्या एम.ए.ला प्रवेश झाला, हिवाळ्यात पहिल्या उत्खननाला जायचंय, आणि मोबाइलवर कापडी गुंडाळीत नीट खोचलेली ‘आर्किऑलॉजी टूल किट’ दिसतेय. घ्यायची का? आधीच सांगून टाकतो: ट्रॉवेल, म्हणजे छोटी टोकदार थापी, चांगली बघून सुटी घ्या, बाकी पेटी राहू द्या. उरलेल्या पैशात उमरेडच्या नाहीतर काटोलच्या बाजारात याहून कामाचं सामान येतं.

पेटीत साधारण एक टोकदार ट्रॉवेल, प्लास्टिकची छोटी चाळणी, नायलॉनचे दोन-तीन ब्रश, दातांच्या डॉक्टरकडे असतात तसल्या स्टीलच्या काड्या, टेप आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी असते. रेताड, भुसभुशीत माती आणि थंड हवा असेल तिथे हे चालून जातं. आपल्याकडे विदर्भात काळी माती, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर.

पहिली पारख ट्रॉवेलची. हे मुळात गवंड्याचं हत्यार, विटांच्या दरजा भरायचं. उत्खननात ते खोदायला नसून खरवडायला असतं: पातं जमिनीशी जवळजवळ आडवं धरून, कडेनं आपल्याकडे ओढायचं. अमेरिकेतल्या मार्शलटाउनची ४.५ किंवा ५ इंची पॉइंटिंग ट्रॉवेल जगभर चालते ती एकाच कारणानं: पातं आणि मान एकाच पोलादातून घडवलेली असते. पेटीतल्या स्वस्त ट्रॉवेलची मान पात्याला वेल्डिंगनं चिकटवलेली असते. घेताना मानेच्या बुडाशी बोट फिरवा. गाठ लागली की परत ठेवा, कारण दगडाखाली जरा तरफ दिली की ती नेमकी तिथेच तुटते. धार लावायची ती फक्त दोन्ही कडांना, बारीक कानशीनं; टोक अणकुचीदार केलं तर ते मातीत रुततं आणि ढेकूळ उपटून आणतं. हार्डवेअरच्या दुकानातली साधी थापी पातळ आणि मोठी असते, कडेनं ओढली की लवते. कापून लहान केली तरी ते लवणं जात नाही.

आता खुरपं. निंदणाचं, लोहाराकडचं. एका आयात ट्रॉवेलच्या पैशात अशी सात-आठ सहज येतात, आणि काळ्या मातीत निम्म्याहून जास्त काम तेच करतं. उकिडवं बसून ओढायची सवय आपल्याकडच्या हातांना लहानपणापासून असते, हा फायदा वेगळाच. पण बाजारात टांगलेलं उचलू नका, सांगून घडवून घ्या. गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं पोलाद, पातं ५ इंच लांब आणि दोन बोटं रुंद, जाडी २ मिलिमीटरच्या आसपास. मुठीत शिरणारी शेपटी किमान ३ इंच हवी, नाहीतर आठवड्यात मूठ खुळखुळते. मूठ बाभळीची. रंग अजिबात नको. तो खरवडून मातीत पडतो आणि मग तांबड्या-निळ्या कपच्या नमुन्यात निघतात.

लोहाराशी बोलायची खरी गोष्ट म्हणजे पाणी. लाल पातं पाण्यात बुडवून तसंच दिलं तर धार कडक होते पण ठिसूळ, आणि काळ्या दगडावर पहिल्याच दिवशी तिचे टवके उडतात. बुडवल्यावर धार घासून चकचकीत करायला सांगा, मग मागच्या बाजूनं हळू तापवत धारेवर तपकिरी-जांभळी झाक आली की थांबायचं. परीक्षा सोपी: कानस धारेवरून नुसती घसरली तर पातं फार कडक, लोण्यासारखी खात गेली तर फार मऊ. थोडी धरून चालली की बरोबर.

पण हत्यार कोणतंही असो, काळ्या मातीत वाफसा, म्हणजे मातीतली नेमकी ओल, सांभाळला नाही तर ते फुकट. कोरडी असली की ही माती विटेसारखी. टिकास मारलं की भेगेच्या रेषेवर ढेकूळ निघतं आणि थराची कड त्यासोबत जाते. ओली असली की पात्याला लगदा चिकटतो आणि दोन थर एकमेकांवर सारवले जातात. आदल्या संध्याकाळी झारीनं हलकं पाणी मारा, वर ओलं बारदान टाका, सकाळी मूठभर माती दाबून बघा. गोळा होऊन बोटाच्या धक्क्यानं फुटला की वाफसा आला. त्यानंतरचे दोन-तीन तास थरांच्या कडा दिसतात, रंग फिरलेला कळतो. ऊन चढलं की पुन्हा झाका. पेरणीचा वाफसा ज्याला कळतो त्याला हे वर्गात शिकवावं लागत नाही.

भेगांचंही तसंच. उन्हाळ्यात ही माती मीटरभर खोलसुद्धा फाटते. वरची काच, प्लास्टिकचं बटण, कालचं बिडीचं थोटूक त्यातून खाली उतरतं आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या थरात जाऊन बसतं. म्हणून भेग दिसली की ती आराखड्यात काढायची, तिच्यातली माती आणि वस्तू वेगळ्या पिशवीत घालायच्या, आणि त्यांच्यावर थराचा क्रमांक टाकायचा नाही.

विदेशी ट्रॉवेलची किंमत वसूल होते ती पांढरीत. पवनी, पवनार अशा जुन्या वस्तीच्या ठिकाणी राखाडी, मऊ, घरादारांची माती असते. गावकरी तिला पांढर म्हणतात ते उगीच नाही. तिथे खड्ड्याची उभी भिंत साफ करताना, खांबांच्या खड्ड्यांची गोल कड काढताना किंवा चुलीची राख वेगळी करताना खुरप्याचं वाकडं पातं चुकतं. सरळ कडेची ट्रॉवेलच हवी. उलट टाकळघाट-खापा किंवा जुनापाणीसारख्या शिळावर्तुळात, म्हणजे मोठ्या दगडांचं गोल कडं रचलेल्या जुन्या दफनाच्या जागी, दगडांच्या फटीत, ट्रॉवेल अडते आणि खुरपं शिरतं. थोडक्यात दोन्ही लागतात.

स्टीलच्या काड्या मात्र नकोतच. हाड मऊ झालेलं असतं, लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी सुटत असतो; स्टील लागलं की पांढरा ओरखडा कायमचा. बुरडाकडून १५-२० सेंटिमीटरच्या बांबूच्या कमच्या आणा. एक टोक चपटं, एक निमुळतं. बोथट झाली की चाकूनं तासा, आणखी काय हवं? ब्रशाचंही तेच: नायलॉनचा ब्रश ओलसर काळ्या मातीत नुसता सारवतो. रंगाच्या दुकानातला केसांचा २ इंची ब्रश घ्या, मोठ्या जागेला शिंदीचा फडा.

प्लास्टिकची चाळणी पोरांना खेळायला द्या. लाकडी चौकटीला ५ मिलिमीटरची जाळी आणि तिच्याखाली २ मिलिमीटरची, असं तिकाटण्यावर टांगलं की झालं. माहूरझरीला मणी घडवण्याचा उद्योग होता. कार्नेलियनचे, म्हणजे तांबूस अकीकाचे, बारीक मणी वरच्या जाळीतून सरळ निसटतात. काळ्या मातीची ढेकळं कोरडी चाळू नका, हाताला फोड येतील आणि मणी ढेकळातच राहतील. बादलीत रात्रभर भिजवा, चमचाभर खाण्याचा सोडा टाकला की लवकर विरघळतात. रासायनिक तपासणीसाठी ठेवायची माती मात्र सोड्यापासून लांब.

गोंदाच्या नळीवर थोडं थांबावं लागेल, कारण नुकसान इथे सगळ्यात जास्त होतं. झटपट गोंद खापराच्या छिद्रांत शिरतो, जोड चुकला तरी सुटत नाही, सोडवायला गेलं की कड तुटते. संवर्धनात, म्हणजे सापडलेल्या वस्तू टिकवण्याच्या कामात, पॅरालॉइड बी-७२ हे अॅक्रिलिक रेझिन वापरतात, कारण ते अॅसिटोनमध्ये पुन्हा विरघळतं. ठिसूळ वस्तूला बळकटी द्यायची तर १०० मिलिलिटर अॅसिटोनला ३ ते ५ ग्रॅम. दाणे बरणीत नुसते टाकले तर तळाशी गोळा बसतो. मलमलीच्या पुरचुंडीत बांधून काचेच्या बरणीत वरून लोंबकळत ठेवा, सकाळपर्यंत विरघळतात.

आता आपल्या हवेची गंमत. बी-७२ साधारण ४० अंशांपाशी मऊ पडायला लागतं. टिनाच्या शेडमध्ये मे महिन्यात काय होतं ते सांगायला नको: फेब्रुवारीत जोडलेलं मडकं स्वतःच्या वजनानं सांध्यांवर सरकतं. अशा ठिकाणी त्याच जातीचं बी-४४ बरं, ते ६० अंशांच्या आसपास मऊ होतं. नाहीतर जोडलेली भांडी खालच्या, जाड भिंतींच्या खोलीत, तोल जाणार नाही अशी ठेवा. जोडताना घमेल्यात कोरडी वाळू भरून खापर असं रोवा की वरच्या तुकड्याचं वजन सरळ सांध्यावर यावं. आणि हे काम सकाळी उरका. दुपारी अॅसिटोन ब्रशावरच उडतं, गोंदाच्या तारा निघतात. खापर ओलसर असेल तर पांढरी साय धरते. चुलीजवळ बरणी उघडायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

लोखंडाच्या वस्तू पाण्यानं धुवायच्या नाहीत, कापसात गुंडाळायच्या नाहीत. हवाबंद डबा आणि ओल शोषणारं सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर वाळवून पुन्हा वापरा. पावसाळ्याआधी एकदा वाळवलंच पाहिजे, नाहीतर ऑगस्टमध्ये वस्तूवर नारिंगी थेंब दिसतात.

याशिवाय सुट्या घ्यायच्या वस्तू: ओळंबा, पाणसळ, सुती दोरी, ५ मीटरचा स्टील टेप, २बी पेन्सिल. मातीच्या रंगाचा मनसेल तक्ता विकत घेऊ नका. महाग असतो, विद्यापीठाच्या विभागात एक असतो, आणि त्याची झेरॉक्स म्हणजे शुद्ध गाढवपणा. रंग सावलीत बघा, आणि माती ओली होती की कोरडी तेही लिहा.

चिठ्ठ्यांवर बॉलपेन नको, ते ओलीनं फुटतं. मार्कर उन्हात उडतो. पेन्सिलनं दोन चिठ्ठ्या: एक पिशवीत, एक तोंडाशी. ठिकाण, खड्डा, थर, खोली, तारीख. लघुप्रबंध, पुढे पीएच.डी., सगळं या चिठ्ठीवर उभं असतं. थराचा क्रमांक हरवलेलं खापर कितीही सुंदर असलं तरी प्रबंधात घेता येत नाही. नेट-सेट पुस्तकावर निघेल, हे निघत नाही. ज्यांना उत्खननापेक्षा संवर्धनाकडे जायचंय, लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी, त्यांनी ट्रॉवेलचे पैसे दहापट भिंगात आणि चांगल्या स्काल्पेलमध्ये घालावेत, आणि बी.एस्सी.चं रसायनशास्त्र विसरू नये.

एक ताकीद: हत्यार आलं म्हणून घरच्या वावरातलं शिळावर्तुळ उकरायचं नाही. सरकारी परवान्याशिवाय उत्खनन नाही, वावर स्वतःचं असलं तरी. फोटो काढा, दगड मोजा, पुरातत्त्व विभागाला कळवा.

तयार पेटीला पाचपैकी दीड. तो दीडही कापडी गुंडाळीला, खिसे बरे शिवलेले असतात. त्यात कमच्या छान बसतात.